आपल्याच कलाकृतीत जीव अडकतो तेव्हा : कलाकाराने किती गुंतावे?

जलरंगी
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि प्रामुख्याने जलरंगात काम करते. चित्र विकले जावे असे प्रत्येक चित्रकाराला वाटते, कारण कागद, रंग, चौकटी आणि दालनाचे भाडे यांचा खर्च कुठून तरी निघावा लागतो. पण काही चित्रे अशी असतात की त्यांच्याखाली किमतीची चिठ्ठी लावायला मन धजावत नाही. सध्या माझ्याकडे असे एक चित्र आहे. ओहोटीच्या वेळची ठाण्याची खाडी, उघडा पडलेला चिखल, मागे तिवरांची काळपट हिरवी रेघ आणि डाव्या कडेला बांबूला बांधलेली रिकामी होडी. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला बसून केलेल्या रेखाटनांवरून ते घडले. त्यातला चिखल मला साधला आहे असे मनापासून वाटते. ओल्या कागदावर सोडलेला करडा रंग वाळताना कडेला साचतो आणि तिथे एक गडद काठ उमटतो. खाडीतले पाणी ओसरल्यावर चिखलावर अगदी तसाच काठ राहतो. हे ठरवून पुन्हा करता येत नाही.

या चित्राला आता ग्राहक आला आहे आणि मी उत्तर लांबवते आहे. काम संपले की कलाकाराने त्यातून मोकळे व्हावे, असे मला अनेकांनी सांगितले आहे. ते मला पटत नाही. ज्या कामात जीव अडकत नाही, ते बहुधा अर्ध्या मनाने केलेले असते, असे माझे मत आहे. तुम्हाला काय वाटते? चित्रकलेपुरतेच लिहावे असे नाही. जे काही तुम्ही घडवता, ते हातावेगळे करताना तुमचे काय होते?

मातीकाम
ताई, माझे माहेर पेणजवळ, हमरापूर-जोहे भागातले. घरचा गणपतीचा कारखाना आहे, आणि आता खारघरला राहत असले तरी पावसाळ्यात मी तिकडे असतेच. शाडूच्या मूर्तीत वेळ कुठे जातो ते सांगते. साच्यातून काढलेले भाग ओल्या शाडूने जोडायचे, सांधा दिसेनासा होईपर्यंत ओल्या फडक्याने पुसत राहायचे, सावलीत वाळू द्यायचे, कारण उन्हात घाई केली तर तडे जातात. मग पांढरा रंग, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. आमच्याकडे आखणी वडीलच करतात. त्या वेळी कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. बुबुळ केसभर सरकले तरी मूर्तीची नजर फिरते, मग ती समोर बसणाऱ्याकडे बघत नाही.

इतके करून ती मूर्ती कुणाकडे दीड दिवस, तर कुणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत राहणार आणि पाण्यात जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. विसर्जनाचे वडिलांना कधी वाईट वाटलेले मी पाहिले नाही. पण टेम्पोत चढवताना सोंडेला धक्का लागला, तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. मूर्ती नाहीशी होण्याचा त्रास त्यांना नाही. ती बेफिकिरीने हाताळली जाण्याचा आहे. तुम्ही उत्तर लांबवत आहात, त्यात असे काही कारण आहे का, ते शोधून पाहा.

नेरूळकर
मी थोडा वेगळा सूर लावतो. मी चित्रे विकत घेणारा माणूस आहे, फार महागडी नाहीत, पण घेतो. चित्रकाराला ते सोडवत नसेल, तर त्याने ते प्रदर्शनातच लावू नये. दालनात लावायचे, चौकशी करू द्यायची आणि मग घुटमळायचे, हे घेणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. माझ्या घरी ते चित्र रोज पाहिले जाईल, माझी नातवंडे त्याखाली मोठी होतील. चित्राचे आयुष्य तिथे सुरू होते, ही बाजूही लक्षात घ्यावी.

मोगरा
जलरंगीताई, लेक सासरी पाठवताना होते तसेच हे. डोळे भरून येणारच, पण पाठवायची तर आहेच.

रेघ
मोगराताई, भावना पोचली, पण ही उपमा मला पुरती पटत नाही. लेकीला स्वतःचे मन असते, ती परत येऊन सांगू शकते की मला तिथे कसे वाटते. चित्र बोलत नाही. त्याच्या वतीने जे बोलायचे ते ज्याने काढले त्यालाच बोलावे लागते, म्हणून तर त्याचा जीव अधिक अडकतो.

कलाकारांनी मात्र आपल्या कामाविषयी अशीच भाषा वापरलेली आहे, हे खरे. इंग्रज चित्रकार टर्नर याने १८३९ साली प्रदर्शित केलेले, मोडीत काढण्यासाठी ओढून नेल्या जाणाऱ्या जुन्या युद्धनौकेचे चित्र कधीच विकले नाही. तो त्याला आपले लाडके म्हणत असे, आणि १८५१ साली त्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या इच्छेप्रमाणे राष्ट्राकडे गेले. नॉर्वेचा एडवर्ड मुंक तर आपल्या चित्रांना मुलेच म्हणत असे. त्याची थोरली बहीण पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. आजारी मुलीचे ते दृश्य त्याने चाळीस वर्षांच्या काळात सहा वेळा रंगवले. एक प्रत गेली की त्याच विषयाकडे तो पुन्हा वळे. १९४४ साली तो वारला तेव्हा घरात हजाराहून अधिक चित्रे होती, आणि ती सगळी त्याने ऑस्लो शहराच्या नावे करून ठेवली होती.

याच मुंकची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती जलरंगीताईंच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ही ‘मुले’ तो उघड्यावर, ऊन-पाऊस-बर्फात ठेवत असे; जे चित्र त्यातून टिकेल ते खरे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे इतका गुंतलेला माणूस आपल्या कामाला जपत नव्हता, त्याची कसोटी पाहत होता. गुंतणे आणि कुरवाळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे मला त्यातून दिसते.

घोडबंदर_वाचक
मी कथा लिहितो आणि इतरांच्या कथांचे संपादनही करतो, त्यामुळे या ओढीची हानी मला रोज दिसते. लेखकाला एखाद्या परिच्छेदाचा मोह पडतो. तो परिच्छेद सुंदर असतो, आणि नेमका तोच कथेच्या पायात येतो. ‘हे मला फार जिव्हाळ्याचे आहे’ असे लेखक म्हणतो, तेव्हा त्या मजकुरामागे असलेला त्याचा स्वतःचा दिवस त्याला आठवत असतो. वाचकासमोर तो दिवस नसतो, फक्त शब्द असतात. जलरंगीताईंनी वर्णन केलेला चिखलाचा काठ हा खरोखर चित्राचा गुण आहे, की तो उमटला त्या क्षणाचा आनंद आहे, हे त्यांनी तपासावे. फ्रेंच चित्रकार मोने याने १९०८ साली, प्रदर्शन तोंडावर आलेले असताना, कमळतळ्याची किमान पंधरा चित्रे स्वतः नष्ट केली आणि ते प्रदर्शन पुढच्या वर्षावर गेले. त्याला त्या विषयाची ओढ कमी होती, असे कोण म्हणेल?

पाचबोटे
मी रांगोळी काढते. ठाण्यात गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या निमित्ताने गावदेवी मैदानात मोठी रांगोळी निघते, हे ठाणेकरांना सांगायला नको. मी व्यक्तिचित्राची रांगोळीही काढते. त्यात गालावरची सावली उतरवायची असेल, तर दोन रंगांची भुकटी चाळून, एकमेकींत मिसळून मधल्या छटा आधीच तयार ठेवाव्या लागतात, कारण जमिनीवर पडलेली रांगोळी मिसळता येत नाही. अंगठा आणि पहिले बोट यांच्यातून ती इतकी थोडी सोडायची की खालचा थर झाकला जाऊ नये. पंख्याचा वारा चालत नाही, पदर खोचलेला लागतो, आणि खाली वाकून कंबर धरते ती वेगळीच.

आणि हे सगळे झाडूने गोळा होते. घोडबंदरकरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण एक भर घालते. माझ्या कामातून काहीच उरत नाही, तरी मी गुंतते. याचा अर्थ ओढ वस्तूशीच असली पाहिजे असे नाही. पुसताना मला रडू येत नाही. मात्र एखादी रांगोळी काढताना डोळा फसला आणि चेहरा हुकला, तर तो चेहरा कितीतरी दिवस माझ्या मागे लागतो.

रेघ
पाचबोटेताईंच्या प्रतिसादावरून वारली चित्रांची आठवण झाली. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात, मधोमध पालघट देवी. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. ते चित्र विधीसाठी असते, त्यावर कोणाची सही नसते, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की तेही जाते. जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणि कापडावर आणली आणि मग ती जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा डहाणू तालुका तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. चित्र भिंतीवरून कागदावर आले, तेव्हाच ते कोणाचे आणि ते कोणी कसे वापरावे, हे प्रश्नही त्याच्याबरोबर आले. भिंतीवरच्या चौकाला हे प्रश्न कधी पडले नव्हते.

विंगेतून
नट म्हणून लिहितो. आमच्याकडे काम विकले जात नाही, पण ते दुसऱ्याकडे जाते. त्याला आम्ही रिप्लेसमेंट म्हणतो. महिनोन्महिने एखादी भूमिका करावी, त्या माणसाचे उठणे-बसणे, चष्मा पुसण्याची लकब, एका विशिष्ट वाक्यापूर्वीचा थांबा हे सगळे शोधून काढावे, आणि मग काही कारणाने ती भूमिका दुसऱ्या नटाकडे जावी. गडकरी रंगायतनच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसून मी माझी भूमिका दुसऱ्याला करताना पाहिली आहे. त्याने माझा थांबा ठेवला नव्हता. प्रेक्षक मात्र तिथे माझ्या वेळेपेक्षा जास्त शांत झाले होते. वाईट वाटले, आणि त्या वाक्याविषयी काहीतरी नवीन कळलेही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, त्यातली एक खोटी होती असे मी म्हणणार नाही.

जलरंगी
सर्वांचे मनापासून आभार. मातीकामताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवले, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्र नवी मुंबईतल्या एका कार्यालयाच्या स्वागतकक्षासाठी हवे आहे. त्यांचे सजावटकार भिंतीचे माप घेऊन आले. चित्र बावीस बाय तीस इंचांचे आडवे आहे, आणि तिथली जागा त्याहून अरुंद आहे. डावीकडचे चार इंच कापून चौकट करावी, असे त्यांनी सुचवले. शिवाय आकाशात थोडा निळा वाढवता आला तर बैठकीच्या कापडाशी जुळेल, असेही म्हणाले. बोलणे अतिशय सभ्य होते आणि सांगितलेली रक्कमही चांगली आहे.

पण त्या चार इंचांत बांबू आणि होडी आहे. बाकी सगळे चित्र आडवे आहे : चिखल आडवा, पाणी आडवे, तिवरे आडवी. तो एकच उभा बांबू नजरेला अडवतो आणि परत आत पाठवतो. तो गेला तर नजर डाव्या कडेने बाहेर निघून जाते आणि उरतो तो नुसता करडा पट्टा. घोडबंदरकर, तुम्ही विचारलेत ते मी प्रामाणिकपणे तपासले. चिखलाचा काठ कदाचित माझ्या आनंदाचा भाग असेल. बांबू मात्र चित्राचा कणा आहे, हे मी कोणालाही कागद झाकून दाखवू शकते.

एकदा पैसे घेतले की ते त्यांचे झाले, मग त्यांनी कापले तरी मला बोलता येणार नाही, असे घरचे म्हणतात. तसे आहे का?

घोडबंदर_वाचक
तो बांबू ठेवा. चार इंच कापणे म्हणजे संपादन नव्हे. संपादन कथेच्या गरजेने होते, भिंतीच्या नाही.

नेरूळकर
विकत घेणारा म्हणून सांगतो, मीदेखील असे चित्र कापणार नाही. पण तत्त्व म्हणून विचारतो : मी पैसे मोजून घेतलेली वस्तू मी कापली, तर मला अडवण्याचा अधिकार कोणाला असावा?

कलम_सत्तावन्न
ठाणे न्यायालयात वकिली करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मूळ चित्राचा कागद विकत देणे आणि त्याचा कॉपीराइट देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद ग्राहकाचा होतो. कॉपीराइट लेखी करार करून दिल्याशिवाय सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो. एक अपवाद ध्यानात ठेवावा : कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून दिले असेल, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो. जलरंगीताईंचे चित्र आधीच काढलेले असल्यामुळे हा अपवाद त्यांना लागू नाही.

याखेरीज १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ आहे. कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही, हे काम माझे आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. त्या कामाची मोडतोड, विद्रूपीकरण किंवा त्यात असा बदल झाला की ज्याने कर्त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल, तर त्याला मनाई मागता येते किंवा नुकसानभरपाईही. चित्र लावलेच नाही, किंवा कर्त्याला आवडेल अशा जागी लावले नाही, एवढ्याने मात्र या अधिकाराचा भंग होत नाही.

शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे प्रकरण या संदर्भात सर्वात महत्त्वाचे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली नूतनीकरणाच्या वेळी उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. १९९२ साली त्यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सरकार त्या शिल्पाचे मालक होते, तरीही.

नेरूळकर, आपला प्रश्न मात्र अगदीच निराधार नाही. प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स ही वास्तू २०१७ साली पाडली गेली, तेव्हा वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. जमीन आणि इमारत यांच्या मालकाला ती पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही, असे ठरले. म्हणजे इमारत आणि भित्तिशिल्प यांना एकच माप लागलेले नाही, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या तपशिलावर ठरते.

ताई, न्यायालयाची वेळच येऊ नये यासाठी पावतीवर एक वाक्य घाला : ‘हे चित्र कापणे, त्यावर रंगकाम करणे किंवा त्यात अन्य बदल करणे चित्रकाराच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही.’ खाली दोघांच्या सह्या घ्या.

नेरूळकर
आभार. माझ्याकडच्या चित्रांच्या पावत्या आता काढून पाहतो. कलाकाराची ओढ ही त्याची खाजगी बाब आहे असे मी धरून चाललो होतो. कायद्याने ती इतकी गंभीरपणे घेतली आहे, याची मला कल्पना नव्हती.

खाडीकाठ
मी वाशीत चित्रांच्या चौकटी करतो. जलरंगीताई, कापण्याची गरजच नाही. जागा किती अरुंद आहे ते कळवा. बरेचदा माउंटची, म्हणजे चित्र आणि चौकट यांच्यामधल्या जाड कागदाची, पट्टी चारही बाजूंना तीन-तीन इंच ठेवण्याची सवय असते. ती अरुंद केली आणि चौकटीची पट्टी बारीक घेतली, तर चित्राला हात न लावता चार इंच सहज वाचतात. माउंट पूर्ण काढू मात्र नका. कागद काचेला चिकटला तर आपल्या दमट हवेत बुरशी धरते. आमच्या इमारतीतल्या एका ज्येष्ठ चित्रकारांनी आपली आवडती चित्रे कोणाला द्यायची नाहीत म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली होती. ती उघडली तेव्हा आकाशांवर तपकिरी ठिपके पडलेले होते. जपायचे असेल तर त्याला हवा हवी.

मातीकाम
खाडीकाठदादांचे अगदी बरोबर. आणि ताई, निळा वाढवायला स्पष्ट नकार द्या. वाळलेल्या जलरंगावर ग्राहकाच्या सांगण्यावरून पुन्हा ओला हात फिरवणे म्हणजे आखणी झालेल्या डोळ्यावर कुंचला टेकवणे.

पाचबोटे
एक विचारू? कापायचे नाही, रंगवायचे नाही, हे त्यांनी लिहून दिले, तर तुम्ही चित्र द्याल का? ओढ तर तेव्हाही राहील.

जलरंगी
पाचबोटेताई, देईन. हे लिहिताना मला स्पष्ट झाले की चित्र माझ्या भिंतीवरून जाण्याला माझी हरकत नव्हती. ते चित्र म्हणून जावे, कापडाला जुळणारा तुकडा म्हणून जाऊ नये, एवढेच मला हवे होते. त्याची ओढ राहीलच आणि ती घालवण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. पुढचा चिखल रंगवताना ती उपयोगी पडेल.

आज सजावटकारांशी बोलले. कागदाने बांबू झाकून आणि उघडून त्यांना चित्र दोनदा दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि कापण्याचा आग्रह त्यांनी स्वतःहून सोडला. निळ्याचा विषय मीच बंद केला. खाडीकाठदादा, भिंतीवरची मोकळी जागा अठ्ठावीस इंच रुंद आहे, म्हणजे माउंट अरुंद करूनही बसणार नाही. शेजारच्या खिडकीलगतची दुसरी भिंत मोठी आहे, पण तिथे दुपारी ऊन येते.

खाडीकाठ
अठ्ठावीसमध्ये तीसचे चित्र कसेच बसणार नाही, तेव्हा दुसरी भिंतच घ्यावी लागेल. ऊन थेट पडत असेल तर त्यांना अतिनील किरण अडवणारी काच घ्यायला सांगा, आणि खिडकीला पडदा. कोणते रंग वापरले आहेत? काही लाल-गुलाबी रंग उन्हात लवकर उडतात. करडा तुम्ही कशातून केला आहे, त्यावर बरेच अवलंबून आहे.

जलरंगी
बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. दोन्ही टिकाऊ आहेत. होडीच्या कडेला मात्र अलिझरीन या लाल रंगाचा एक हलका हात आहे.

खाडीकाठ
अलिझरीनच उडेल. काच चांगलीच घ्या, पडदा त्यांच्याकडून कबूल करून घ्या, आणि पावतीवरच्या त्या वाक्याखाली थेट उन्हात लावू नये हेही लिहा. चौकटीत घालण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात, काचेशिवाय, एक चांगले छायाचित्र काढून ठेवा. पुढेमागे रंग उडाला का हे ताडून पाहायला तेच कामी येईल.